कप जिंकला, पण नेमकं काय जिंकलं?

आजचा विषय थोडा दुखरा आहे. मी युनायटेडवाला, त्यामुळे जास्तच.

२५ मे २०२४. वेम्बली स्टेडियम, एफए कपची फायनल. मँचेस्टर युनायटेड विरुद्ध मँचेस्टर सिटी. सिटीने आठवड्यापूर्वीच सलग चौथ्यांदा प्रीमियर लीग जिंकलेली. आणि आपण? आठवे. प्रीमियर लीग सुरू झाल्यापासूनचा तोवरचा आपला सगळ्यात खालचा नंबर. १४ मॅच हरलो. केले ५७ गोल, खाल्ले ५८. त्यात फायनलच्या आदल्या दिवशी बातमी आली, की निकाल काहीही लागो, मॅनेजर एरिक टेन हागची नोकरी जाणार.

आणि मग गार्नाचो, मग ब्रुनोच्या पासवर मायनू. दोघंही १९ वर्षांचे! डोकूने शेवटी एक गोल परत केला, पण २-१. आपला तेरावा एफए कप. आदल्या वर्षी याच सिटीने याच फायनलमध्ये आपल्याला हरवलं होतं, त्याचीही परतफेड झाली.

आता कुणी म्हणेल, ही तर दुधाची तहान ताकावर! असेल. पण उन्हातून आलेल्या माणसाला ताकाची किंमत विचारा ना. लिव्हरपूलविरुद्ध ४-३, १२१व्या मिनिटाला अमादचा गोल. शर्ट काढला म्हणून त्याला रेड कार्ड, तरी गडी खूश! हे कसं विसरणार?

पण इथेच गोम आहे. कपात आपण खेळलो सहा मॅच. लीगमध्ये ३८. सहा मॅचमध्ये नशीब साथ देऊ शकतं. सेमीफायनल आठवा, खालच्या डिव्हिजनमधल्या कोव्हेंट्रीविरुद्ध ३-० वरून ३-३. एक्स्ट्रा टाइमच्या शेवटी त्यांनी चौथाही मारला होता, व्हीएआरने तो ऑफसाइड दिला म्हणून आपण पेनल्टीवर वाचलो. ३८ मॅचमध्ये मात्र टीम आहे तशी दिसते.

क्लबने काय केलं? सहा मॅचकडे बघून निर्णय घेतला. जुलैमध्ये टेन हागचा करार २०२६पर्यंत वाढवला. त्याच्या आयॅक्सच्या दिवसांतले डी लिख्ट आणि मझरावी बायर्नकडून आणले. आणि २८ ऑक्टोबरला त्याला काढलं! तेव्हा आपण चौदावे होतो. मग आमोरिम आला, सीझन संपला तेव्हा आपण पंधरावे. युरोपा लीगची फायनलही टॉटनहॅमकडून हरलो. गंमत म्हणजे त्या स्पर्धेत आपण खेळलो तेच एफए कपच्या जोरावर. आठव्या नंबरला युरोपचं तिकीट नव्हतंच.

म्हणून मला वाटतं, दोन वह्या वेगळ्या ठेवाव्यात. एक फॅनची, एक क्लबची. फॅनच्या वहीत तो दिवस सोन्याचा. ग्रुपवर कुणी 'आठवे आलात' म्हणून चिडवलं तर खुशाल सांगा, हो, आणि फायनलला तुम्हाला हरवून आलो! त्या आनंदाचा हिशोब कुणाला द्यायची गरज नाही. पण क्लबच्या वहीत ५८ गोल का खाल्ले, हाच प्रश्न पहिल्या पानावर हवा होता. समाधान फॅनने मानायचं असतं. क्लबनेच मानलं, की घसरण थांबत नाही.

तुमच्या टीमचा असा एखादा कप आहे का? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!