तोंडभर शब्द

गोंदिया जिल्ह्यात, तिरोडा तालुक्यात, नागझिऱ्याच्या जंगलाला लागून एक गाव आहे. चोरखमारा. गावाजवळ मोठा तलाव आहे. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात शिरायचं एक दारही याच नावाचं आहे. तिथल्या वाघांविषयी आणि पाखरांविषयी पुष्कळ सांगितलं जातं. मला मात्र आज या नावाविषयी बोलायचं आहे, कारण ते म्हणायला फार छान वाटतं.

आत्ता, आहात तिथे, मोठ्यानं म्हणून बघा. चो-र-ख-मा-रा. पहिला 'च' दातांमागचा, 'चारा' शब्दातला; 'चहा'तला नव्हे. मग 'र'ला जीभ टाळूशी हलकीशी थरथरते. 'ख' घशाकडून श्वासाचा जोर घेऊन येतो. 'म'ला ओठ मिटतात आणि शेवटच्या 'रा'ला सगळं तोंड उघडतं. दात, टाळू, घसा, ओठ, एवढ्याशा नावात सगळ्यांना काम मिळालं. शेजारची नावं घ्या: पिटेझरी, मंगेझरी, उमरझरी. ही नावं नुसती ओळीनं म्हटली तरी ताल धरतात.

आवडता शब्द कोणता, असं विचारलं की माणसं बहुधा अर्थ सांगतात. आई, माया, माहेर. ते खरंच आहे. पण अर्थ कळण्याच्या आधीपासून आपल्याला शब्द आवडत असतात. दीड-दोन वर्षांचं मूल एखादा शब्द पकडतं आणि दिवसभर तोच म्हणत राहतं. त्याला काही मागायचं नसतं, काही सांगायचं नसतं. आपल्या तोंडातून असा आवाज निघतो, याचाच त्याला आनंद असतो. हा आनंद मोठेपणी संपत नाही, आपण तो फक्त बोलून दाखवत नाही.

ध्वनी आणि वस्तू यांचं काही नातं मनात असतं का, याचा शास्त्रज्ञांनीही शोध घेतला आहे. वोल्फगांग क्योलर या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १९२९ साली लोकांपुढे दोन आकृत्या ठेवल्या, एक गोलसर आणि एक टोकदार, आणि त्यांच्यासाठी दोन बनावट नावं दिली. २००१ मध्ये विलयनूर रामचंद्रन आणि एडवर्ड हबर्ड यांनी 'बूबा' आणि 'किकी' ही नावं घेऊन हाच प्रश्न पुन्हा विचारला. इंग्रजी बोलणारे असोत की तमिळ, जवळजवळ सगळ्यांनी गोल आकृतीला 'बूबा' म्हटलं आणि टोकदार आकृतीला 'किकी'. म्हणजे उच्चारताना ओठ जो आकार घेतात, तो मनालाही दिसतो.

मराठी माणसाला हे नवं वाटू नये. ओढा खळखळतो आणि झरा झुळझुळतो. यांची अदलाबदल आपण कधीच करत नाही. पावसाची रिपरिप वेगळी आणि रपरप वेगळी. फोडणी चुरचुरते, वीज कडकडते, पिंपळ सळसळतो. हे शब्द म्हणताना ती गोष्ट क्षणभर आपल्या तोंडात घडते. मला वाटतं, शब्द म्हणण्यातलं मोठं सुख हेच आहे.

आता पुन्हा चोरखमाऱ्याच्या मुलखात जाऊ. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा झाडीपट्टीचा प्रदेश. इथली बोली झाडीबोली. या बोलीत 'ळ' नाही, 'ण' नाही. डोळा इथे 'डोरा' होतो, काळा 'कारा' होतो, पाणी 'पानी' होतं. कुणी म्हणेल, 'ळ' गेला म्हणजे मराठीचा दागिनाच गेला. पण 'डोरा' एकदा तोंडभर म्हणून बघा. जीभ दुसऱ्यांदा मागे वळवावी लागत नाही, शब्द मोकळा सुटतो. त्याला त्याची स्वतःची गोडी आहे.

हा तलावांचा आणि धानाचा प्रदेश. मोठा तो तलाव, लहान ती बोडी. इथे तलाव बांधण्याचं कसब कोहळी समाजानं पिढ्यान्‌पिढ्या जपलं. तलावाची मातीची भिंत म्हणजे पार. पाणी सोडायची बांधीव सोय म्हणजे तुडुम. तलाव भरल्यावर जास्तीचं पाणी जिथून वाहून जातं ते सलंग. यातला 'तुडुम' माझा फार आवडता. शेवटच्या 'म'ला ओठ घट्ट मिटतात, जणू पाणी आत अडलंच. 'सलंग' याच्या उलट. तो जिभेवरून घसरत पुढे जातो. पाण्याकाठी आपोआप उगवणाऱ्या जंगली भाताला इथे देवधान म्हणतात. कुणी पेरलं नाही, म्हणून ते देवाचं. किती थोरपणानं दिलेलं नाव आहे हे!

शेतात गेलात तर धानाची खाचरं म्हणजे बांध्या, त्यांच्या कडेचा धुरा, रोपं म्हणजे पऱ्हे, लावणी म्हणजे रोवनी आणि कापलेल्या धानाची रास म्हणजे पुंजनं. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. पुण्यात मंडई म्हणजे भाजीबाजार; इथे मंडई म्हणजे जत्रा, पाहुणे आणि रात्रभर चालणारी दंडार, इथलं लोकनाट्य. 'दंडार' हा शब्दच असा ठसक्याचा की तो म्हणताना पाय ठेका धरतो.

या मुलखाच्या शब्दांना ज्यांनी जीव लावला, त्यांत मारुती चितमपल्ली यांचं नाव आधी घ्यायला हवं. जन्म १९३२ चा, सोलापूरचा. घरची भाषा तेलुगू. वनाधिकारी म्हणून ते या जंगलांत राहिले. नवेगावबांधला माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारख्या जाणकारांकडून, आदिवासींकडून, मासेमार ढीवरांकडून त्यांनी पाखरांची, झाडांची, पाण्याची नावं ऐकली आणि लिहून ठेवली. जिथे शब्द नव्हता तिथे त्यांनी घडवला. कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार', बगळ्यांच्या वसाहतीला 'सारंगागार'. २००६ साली सोलापूरच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले आणि जून २०२५ मध्ये ते आपल्यातून गेले. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचा शब्दकोश केला आणि तिची साहित्य संमेलनं उभी केली. दोघांनीही शब्द मिळवले ते ऐकून. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे आदरानं पाहिलं, म्हणून ते त्यांना मिळाले.

हा आदर मला महत्त्वाचा वाटतो. झाडीपट्टीतलं मूल शाळेत 'पानी' म्हणतं आणि त्याला हसतात. पाणी लिहायचं कसं, हे त्याला जरूर शिकवावं. प्रमाणभाषा त्याच्या उपयोगाची आहे. पण त्या हसण्यानं ते मूल घरचे शब्द गिळायला लागतं, आणि गिळलेला शब्द पुढच्या पिढीला ऐकू येत नाही. कोशात तो उरतो, हे मोठंच काम. तरी 'तुडुम' म्हणताना ओठ कसे मिटतात, ते छापता येत नाही. ते एका तोंडातून दुसऱ्या कानात, असंच जातं. यंत्रानं रोवनी होऊ लागली, नळानं पाणी आलं, तर काही शब्दांचं काम कमी होणारच. त्याची तक्रार नाही. मात्र लाजेपोटी एकही शब्द जाऊ नये.

म्हणून, श्रोतेहो, एक विनंती. आज जेवताना घरातल्या वडीलधाऱ्यांना त्यांचा आवडता शब्द विचारा. शेतातला, चुलीपुढचा, पाण्याचा, कुठलाही. त्यांनी म्हटला की तुम्ही म्हणा आणि मग घरातल्या लहानग्याला म्हणायला लावा. त्याला तो चुकतमाकत म्हणू द्या, हसू द्या, चार वेळा पुन्हा म्हणू द्या. अर्थ त्यानं विचारला की सांगा, तो विचारेलच.