फोन चालू, ॲप बंद

आम्ही बार्शी तालुक्यातल्या बचत गटाच्या बायका आज मोबाईलबद्दल बोलणार आहोत. फोन कसा वापरायचा, ते आता आपल्याला बऱ्यापैकी जमतं. आमचं बोलणं वेगळं आहे. फोन धडधाकट आहे, चार्जिंग टिकतं, रेंज येते, काचही फुटलेली नाही. आणि एके दिवशी त्यावर अक्षरं येतात की हे ॲप आता तुमच्या फोनवर चालणार नाही. फोन बिघडलेला नाही, आपण काही चुकीचं दाबलेलं नाही, तरी काम थांबतं.

आपल्या घरात नवा फोन कोणाला मिळतो, ते तुम्हाला माहीत आहे. आधी कॉलेजच्या पोराला, मग कारभाऱ्याला, आणि दोघांनी वापरून झाला की आपल्याला. म्हणून जुने फोन बंद करायचं कुठेतरी लांब ठरतं, तेव्हा पहिली अडते ती बाई. आमच्या गटातल्या तिघींच्या फोनवरचं पैशाचं ॲप असंच थांबलं. हप्ता भरायला त्यांना बार्शी गाठावी लागली. एसटीला अर्धं तिकीट असलं तरी दिवसाची मजुरी पूर्णच बुडते.

हे का होतं, ते आम्ही समजून घेतलं. प्रत्येक फोनच्या आत एक मूळ यंत्रणा असते. तिच्यावर सगळी ॲप चालतात. कंपनी काही वर्षं त्या यंत्रणेत सुधारणा पाठवते, चोरांनी शोधलेल्या वाटा बुजवते. मग ते पाठवणं थांबतं. ॲपवाले म्हणतात, जुन्या यंत्रणेवर ॲप सुरक्षित ठेवणं परवडत नाही. यात तथ्य आहे. पैशाचं ॲप असेल तर जास्तच आहे. पण फोन जुना झाला की नवा विकला जातो, हेही तितकंच खरं आहे.

मोठं उदाहरण घ्या. २०१७ साली जिओफोन आला. १५०० रुपये अनामत भरून मिळणारा बटणांचा फोन. खेड्यापाड्यातल्या कितीतरी बायकांच्या हातात इंटरनेट पहिल्यांदा आलं ते या फोनमुळे. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये त्यावर व्हॉट्सॲप आलं. त्या जातीच्या फोनवर व्हॉट्सॲप नव्यानं घेणं २०२४ च्या जूनमध्ये बंद झालं, आणि २०२५ च्या सुरुवातीला आधी घेतलेलंही थांबलं. टचस्क्रीनचे फोनही सुटले नाहीत. २०१३ साली आलेल्या किटकॅट नावाच्या यंत्रणेवरचे फोन २०२५ च्या जानेवारीपासून व्हॉट्सॲपच्या यादीतून गेले.

आता आपल्या बार्शीचीच गोष्ट बघा. बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली. ती छोटी गाडी आपल्या आज्या-पणज्यांनी पाहिली, आपल्यातल्या कितीजणी तिच्यात बसल्यासुद्धा. ती इतकी वर्षं चालली, कारण बिघडलेला भाग काढून कुर्डुवाडीच्या वर्कशॉपमध्ये नीट करता येत होता. शिलाई मशीनचंही तसंच. सासूबाईंची मशीन आजही चालते, सुई आणि पट्टा बाजारात मिळतो. फोनची चावी मात्र विकणाऱ्याच्याच हातात राहते. आपण पैसे मोजले तरी तो पुरता आपला होत नाही.

मग गप्प बसायचं का? आपल्या अंगणवाडी ताई बसल्या नाहीत. सरकारनं त्यांना नोंदी भरायला मोबाईल दिले होते. २ जीबी रॅमचे ते फोन नव्या पोषण ट्रॅकर ॲपचं ओझं पेलेनात. तापायचे, अडकायचे. वॉरंटी संपलेली, दुरुस्तीचा खर्च ताईंच्या मानधनातून. त्यात ॲप इंग्रजीत. २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या ताईंनी ठरवून ते फोन प्रकल्प कार्यालयात परत नेऊन दिले. एकटीनं फोन परत केला असता तर तिलाच नोटीस आली असती. सगळ्यांनी मिळून केला, तेव्हा त्याची बातमी झाली आणि प्रश्न सगळ्या राज्याला कळला.

कायदा काय म्हणतो, तेही सांगतो. फोन विकल्यावर अमुक वर्षं सुधारणा द्यायलाच हवी, असा नियम आपल्याकडे नाही. युरोपात आहे. २० जून २०२५ पासून तिथल्या नव्या फोनना विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षं सुधारणा द्याव्या लागतात, आणि सुटे भाग सात वर्षं. तिथे जमतं तर इथेही जमेल, हे आपण मागत राहिलं पाहिजे. आपल्या सरकारनं २४ डिसेंबर २०२२ ला दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केलं आहे. सुरुवात झाली आहे, एवढं म्हणता येईल.

पण विकताना खोटं सांगितलं असेल, वॉरंटीत दुरुस्ती नाकारली असेल, तर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आपल्या बाजूनं आहे. १९१५ या नंबरवर फोन करा, मराठीतही बोलता येतं. तिथे मिटलं नाही तर सोलापूरला जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी फी लागत नाही. वकील लावायलाच हवा असंही नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. आणि पक्कं बिल हवं. बिल नसेल तर आपलं बोलणं हवेत जातं.

आमच्या गटानं काही गोष्टी ठरवल्या आहेत. जमलं तर तुम्हीही ठरवा.

फोन घेताना दुकानदाराला किमतीबरोबर आणखी एक प्रश्न विचारायचा: याला सुधारणा कोणत्या सालापर्यंत मिळणार? उत्तर बिलावर लिहून मागायचं. स्वस्तातला जुना साठा असेल तर तो इथेच उघडा पडतो.

गटाचा हिशेब फक्त फोनमध्ये ठेवायचा नाही. वही आणि पासबुक कधी अपडेट मागत नाही. बैठकीचा निरोप व्हॉट्सॲपवर टाकला तरी ज्यांचा फोन जुना आहे त्यांना साधा फोन करायचा. निरोप पोचला नाही तर दंड घ्यायचा नाही, असा ठरावच आम्ही लिहिला आहे.

बटणांच्या फोनवरून पैसे पाठवता येतात. बँकेत नंबर जोडलेला असेल तर *९९# लावा, इंटरनेट लागत नाही.

आणि एक सावधगिरी. बंद पडलेलं ॲप चालू करून देतो म्हणून कोणी लिंक पाठवली तर दाबू नका. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० ला कळवा. लाजू नका, उशीर करू नका.

मैत्रिणींनो, तुमच्या गटात कोणाचा फोन असा अडला असेल तर पुढच्या बैठकीत तो विषय घ्या. कोणाचा फोन, कधी घेतला, काय थांबलं, हे एका कागदावर लिहा. दहा जणींचा कागद झाला की तो १९१५ वर सांगता येतो, ग्रामसभेत वाचता येतो. एकटीची ती कुरकुर ठरते, दहा जणींची तक्रार होते.