नळातला गॅस आणि दाबाचा हिशेब

देवासच्या कित्येक स्वयंपाकघरांत आता गॅस सिलिंडरऐवजी नळानं येतो. धार जिल्ह्यातल्या पीथमपूरच्या कारखान्यांनाही तो नळानंच मिळतो. माळव्यात गॅसची वाट उघडली ती हजीरा-विजयपूर-जगदीशपूर वाहिनीनं. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या गेल या सरकारी कंपनीनं ती टाकली, ती वसईसमोरच्या समुद्रातला गॅस उत्तरेकडे नेण्यासाठी. ही वाहिनी धारच्या शेजारच्या झाबुआ जिल्ह्यातून जाते आणि तिथे गॅसला पुन्हा दाब देणारं कॉम्प्रेसर स्टेशन आहे.

ते लागतं घर्षणामुळे.

सपाट नळातलं पाणी दर किलोमीटरला सारखाच दाब गमावतं. गॅसचं तसं नाही. दाब उतरला की तो फुगतो, फुगला की त्याच नळातून जास्त वेगानं धावतो, आणि वेग वाढला की घर्षण आणखी दाब खातं. म्हणून अभियंते दाबाच्या वर्गांची वजाबाकी करतात. समजा, १०० किलोमीटरमध्ये दाब ८० बारवरून ६० वर आला. ६४०० मधून ३६०० गेले, खर्च झाला २८००. पुढच्या १०० किलोमीटरलाही तेवढाच खर्च धरला तर उरतात ८००, आणि त्यांचं वर्गमूळ जेमतेम २८. पहिल्या टप्प्यात २० बार गेले, दुसऱ्यात तब्बल ३२! तिसरा टप्पा हा गॅस गाठूच शकत नाही. त्याला वाटेतच पुन्हा दाबावं लागतं.

या हिशेबात एक मोठी सोय आहे. वेग जितका वाढतो तितकीच घनता घटते, त्यामुळे एकाच व्यासाच्या नळात रेनॉल्ड्स अंक, म्हणजे प्रवाह किती खळबळता आहे हे सांगणारा आकडा, जवळपास तोच राहतो. म्हणून हा अंक आणि नळाचा खडबडीतपणा धरून लुईस मूडी यांच्या १९४४ च्या आलेखावरून एकदा काढलेला घर्षणांक सगळ्या वाटेला पुरतो. नव्या पोलादी नळाचा आतला खडबडीतपणा मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा असतो आणि आतून इपॉक्सीचा लेप दिला की तोही कमी होतो.

व्यासाची चूक मात्र फार महाग पडते. तेवढाच गॅस निम्म्या व्यासातून नेला तर वर्गांमधला खर्च सुमारे ३२ पट होतो. पीथमपूरसारख्या वाढत्या वसाहतीला बारीक नळ टाकून पैसे वाचवणं म्हणजे उद्याच्या कारखान्यांची अडवणूकच.

देवासच्या घरात शिरताना दाब २१ मिलिबारवर आणलेला असतो. त्यातले एक-दोन मिलिबार घटले तरी गॅस फारसा फुगत नाही, कारण भोवतालच्या हवेचाच दाब साडेनऊशे मिलिबारच्या आसपास आहे. शेगडीपर्यंतच्या त्या शेवटच्या नळाला पाण्याचं साधं सूत्र चालतं.