महेश्वरची घासाघीस



शाळा माझी लवकर सुटली. पुढचे शिक्षण कामगारांच्या सभांतून झाले. त्यातला एक धडा मला उशिरा, नर्मदाकाठी मिळाला.

आम्ही उभयता महेश्वरला गेलो होतो. घाट पाहिला, किल्ला पाहिला. अहिल्याबाई १७९५ साली निवर्तल्या, तोवर त्यांची राजधानी इथेच होती. विणकर त्यांनीच बाहेरून आणून वसविले, असे सांगतात. मग साडी घ्यायला एका विणकराच्या घरी शिरलो. उभे धागे रेशमाचे, आडवे सुताचे. काठ उलटसुलट सारखाच, आणि त्यावर किल्ल्याच्या भिंतीवरचीच नक्षी. त्याने किंमत सांगितली. मी घासाघीस करून ३०० रुपये उतरविले आणि मोठ्या ऐटीत बाहेर पडलो.

रस्त्यात बायकोने विचारले, "विणायला किती दिवस लागले, ते विचारलंत का?"

मी मागे फिरलो. चार दिवस लागले होते. कांड्या त्याच्या बायकोने भरल्या होत्या. तिची मजुरी कोणी धरलीच नव्हती. म्हणजे मी दिवसाला ७५ रुपये कापले होते! मंडळी, उभा जन्म मी मजुरीकपातीविरुद्ध भांडलो, आणि गिऱ्हाईक होताच मालकासारखा वागलो.

मी ३०० रुपये त्याच्या हातावर ठेवले. त्याने ते मोजून घेतले. आभार मानले नाहीत. का मानावेत? पैसे त्याचेच होते.

तुम्ही महेश्वरला जरूर जा. घाट पाहाल, तसा मागही पाहा. आणि भाव करण्याआधी दिवस विचारा.