वॉचमन बदलला, चोर तसाच

(गेल्या 24 डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनानिमित्त, आपल्या सभागृहात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. स्मरणिकेसाठी थोडा आवरून घेतला आहे, बाकी जसा बोललो तसाच.)



कमिटीने मला ग्राहक दिनावर बोलायला सांगितलं. 1986 साली 24 डिसेंबरला ग्राहक संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली, म्हणून हा दिवस. आणि अभिमानाची गोष्ट म्हणजे ग्राहक पंचायत बिंदुमाधव जोशींनी 1974 मध्ये आपल्या पुण्यातच सुरू केली. एवढ्यावर भाषण संपवता आलं असतं. पण मी काही कायद्याचा माणूस नाही. मी फसलेला ग्राहक आहे, आणि त्या फसण्यात माझाही हात होता. तेच सांगतो.

2022 चा पावसाळा. आमचे अण्णा तेव्हा डायलिसिसवर होते. मंगळवार, गुरुवार, शनिवार. सकाळी साडेसहाला निघायचं, दुपारी परत यायचं. जाताना रस्ता मोकळा असायचा, पण येताना सिंहगड रस्त्यावर उड्डाणपुलाचं काम चालू, तुम्हाला सगळ्यांना आठवतच असेल. डायलिसिस झाल्यावर माणूस पिळून निघालेला असतो. त्यात आमची 2014 ची पेट्रोल गाडी सिग्नलला उभी राहिली की जुन्या मिक्सरसारखी थरथरायला लागली. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा. आणि एका शनिवारी राजाराम पुलाच्या सिग्नलला बंदच पडली. मागे हॉर्न, वर पाऊस, काचा बंद, आणि अण्णा सीट मागे टाकून डोळे मिटून पडलेले.

अण्णांची सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली. एसटीचे ब्रेक हवेवर चालतात, त्यामुळे कुठल्या पाइपातून हवा जातेय हे कानाने ओळखण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. त्यांनी डोळे न उघडता सांगितलं, "हवा जातेय रे कुठून तरी. फुसफुस ऐक." मी म्हणालो, "अण्णा, ही एसटी नाही. आता सगळं कॉम्प्युटरवर असतं." ते पुढे काही बोलले नाहीत.

सोमवारी गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला. नाव घेत नाही, सेंटर कुठलंही असलं तरी गोष्ट हीच झाली असती. काचेची केबिन, कॉफी, टाय लावलेला सर्व्हिस ॲडव्हायझर. त्याने विचारलं, "सर, काय प्रॉब्लेम?" आता इथे माझी चूक बघा. आदल्या रात्री मी यूट्यूबवर चार व्हिडिओ बघितले होते. मी ऐटीत म्हणालो, "बहुतेक सेन्सर गेलाय." त्याने जॉबकार्डावर लिहिलं, 'सेन्सर चेक करणे'. गाडी थरथरते, फक्त उभी असताना थरथरते, चालू लागली की बरी असते, यातलं एक अक्षर कागदावर नाही. आणि गाडीला हात लावणाऱ्या मेकॅनिकला मी भेटलोच नाही. त्याला फक्त तो कागद भेटला.

पहिल्या वेळी थ्रॉटल बॉडी साफ केली आणि स्पार्क प्लग बदलले. 6,840 रुपये. दिवा विझला. चार दिवसांनी पुन्हा लागला. दुसऱ्या वेळी ऑक्सिजन सेन्सर बदलला, इंजेक्टर क्लीनिंग केलं, आणि 'इंजिन डीकार्बन' नावाचं काहीतरी केलं, जे मी मागितलं नव्हतं पण फोनवर "हो हो" म्हणून गेलो होतो. 19,460 रुपये. तेव्हा सुट्या भागांवर 28 टक्के आणि मजुरीवर 18 टक्के जीएसटी लागायचा, तो यात आला. एकूण 26,300. नवव्या दिवशी पिवळा दिवा परत हजर. तिसऱ्या वेळी फोन आला, "सर, फ्युएल पंप असेंब्ली बदलावी लागेल, एकतीस हजारांपर्यंत जाईल, अप्रूव्हल द्या."

मी हॉस्पिटलच्या बाकावर बसलो होतो. आत अण्णा मशीनवर. एकतीस हजार म्हणजे त्या वेळी आमच्यासाठी काय होतं ते सांगत बसत नाही. मी पहिल्यांदा विचारलं, "पंप खराब आहे हे कशावरून ठरवलंत?" पलीकडे शांतता. मग उत्तर आलं, "सर, स्कॅनरवर तोच कोड येतोय." मी म्हणालो, "गाडी तशीच ठेवा, मी न्यायला येतो."

धायरीत एक मेकॅनिक आहेत, सगळे त्यांना मामाच म्हणतात. पत्र्याची शेड, एक लिफ्ट, आणि एक बऱ्यापैकी स्कॅनर. मामांनी मला आधी दहा मिनिटं नुसते प्रश्न विचारले. गार इंजिनाला होतं का गरम? एसी चालू असताना जास्त का? पेट्रोल जास्त खाते का? मग स्कॅनर लावून मला शेजारी बसवलं आणि जे दाखवलं ते मी सांगायचा प्रयत्न करतो. वहिनी, कंटाळा आला तरी दोन मिनिटं बसा.

कोड होता पी-0171. त्याचा अर्थ एवढाच की इंजिनात हवा जास्त होतेय आणि त्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. ऑक्सिजन सेन्सर सायलेन्सरच्या पाइपात बसलेला असतो, बाहेर पडणाऱ्या धुरात प्राणवायू किती उरला ते तो सांगतो. म्हणजे तो आपला वॉचमन. त्याने शिटी वाजवली, आणि आम्ही काय केलं? वॉचमन बदलला. नव्या वॉचमननेही तीच शिटी वाजवली. (आपल्या गेटवरच्या मामांनी कृपया गैरसमज करून घेऊ नये.)

आता हवा जास्त का, याची मुख्य कारणं दोन. एक तर पेट्रोल खरंच कमी येतंय, पंप दमलाय किंवा फिल्टर तुंबलाय. किंवा चोरवाटेने हवा आत शिरतेय. दोन्हींत कोड तोच येतो. पण कॉम्प्युटर ती कमतरता भरून काढायला किती पेट्रोल वाढवतोय, तो आकडा स्कॅनरवर दिसतो. मामांनी गाडी उभी ठेवून आकडा दाखवला, चोवीस टक्के. मग रेस वाढवून धरली, आकडा उतरत सहावर आला. म्हणाले, "पंप खराब असता तर रेस वाढवल्यावर आकडा चढला असता, कारण तेव्हा पेट्रोल जास्त लागतं. हा उतरतोय. म्हणजे भोक आहे. इंजिन उभ्याने चालतं तेव्हा हवा थोडीच लागते, त्यात भोकातली हवा भारी पडते. रेस दिली की तीच हवा किरकोळ."

मग त्यांनी बॉनेटखाली एकेका नळीवर क्लीनरचा फवारा मारला. मागच्या बाजूच्या, हात जेमतेम पोचेल अशा एका रबरी नळीवर फवारा पडला आणि इंजिनाचा आवाज एकदम बदलला. नळी काढली तर खालच्या अंगाला उंदराने कुरतडलेलं. नळी 410 रुपये, मजुरी 300. पिवळा दिवा आजतागायत लागलेला नाही.

घरी येऊन ती नळी मी अण्णांच्या हातात दिली. त्यांनी भोकातून बोट घालून बघितलं आणि म्हणाले, "म्हणजे हवा जात नव्हती, येत होती. माझंही चुकलंच की." माझं काय चुकलं ते त्यांनी काढलं नाही. पुढच्या वर्षी अण्णा गेले.

आता कोणी म्हणेल, मग कंपनीचं सर्व्हिस सेंटर चोर आणि कोपऱ्यावरचा मेकॅनिक देव. तसं मुळीच नाही. आपल्या सी विंगमधल्या एका काकांच्या गाडीत शेडवाल्याने तीन उन्हाळे एसीचा गॅस भरला. दर वर्षी दोन-अडीच हजार. गॅस कुठून जातोय हे एकदाही शोधलं नाही. कंपनीच्या सेंटरने दाब देऊन तपासलं, कंडेन्सरला बारीक भोक निघालं, बदलला, विषय संपला. न तपासता बदलणं आणि न तपासता भरणं, दोन्ही एकाच जातीचं. फरक इतकाच की सेंटरमध्ये ॲडव्हायझरला महिन्याचं टार्गेट असतं, आणि मेकॅनिकला एका गाडीमागे वेळ मोजून मिळतो. पार्ट बदलायला अर्धा तास लागतो, भोक शोधायला दोन. आणि शोधण्याचे पैसे द्यायला आपणही कुरकुरतो. मामांनी 300 घेतले, मी मनातून 1,000 द्यायला तयार होतो, पण दिले 300 च. हेही सांगायला हवं.

पैशाचं पुढे काय झालं? मी सेंटरच्या मॅनेजरना पत्र लिहिलं. रागाचं नाही, तारखांचं. माझ्याकडे दोन्ही वेळचे स्कॅनरचे छापील रिपोर्ट होते, दोन्हींवर तोच कोड. मामांचं बिल आणि नळीचा फोटो जोडला. उत्तर आलं की इलेक्ट्रिकल पार्ट एकदा बसवला की परत घेत नाहीत. जुना सेन्सर मी मागून घेतला नव्हता, त्यामुळे तो चांगला होता हे दाखवायला माझ्या हातात काही नव्हतं. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला, तक्रार नोंदवली. तीन आठवड्यांत सेन्सरचे 11,200 परत आले. मजुरी नाही, डीकार्बनचे नाहीत. सोबत मोफत वॉशिंगचं कूपन. ते अजून ड्रॉवरमध्ये पडलंय, कोणाला हवं असेल तर न्या, मुदत संपली आहे.

उरलेल्या पैशांसाठी जिल्हा ग्राहक आयोगात जाता आलं असतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, वकील लागतोच असं नाही, आणि दोन वर्षांची मुदत असते. मी गेलो नाही. अण्णांची तब्येत तेव्हा उतरत चालली होती आणि माझ्यात त्राण नव्हतं. पण तुमच्यापैकी कोणावर वेळ आली तर मी कागद लावून द्यायला बसेन, रविवारी सकाळी, चहा तुमचा.

आता गाडी टाकताना मी इतकंच करतो. काय बिघडलंय ते सांगत नाही, काय होतंय ते सांगतो, आणि ते माझ्याच शब्दांत जॉबकार्डावर लिहून घेतो. शक्य असेल तर मेकॅनिकला शेजारी बसवून एक चक्कर मारतो. जुने पार्ट डिकीत ठेवा असं आधीच लिहायला लावतो. फोनवर अप्रूव्हल मागितलं की तो हॉस्पिटलच्या बाकावरचा प्रश्न विचारतो: कशावरून ठरवलंत? ज्याने खरंच तपासलंय तो खुशीने सांगतो. ज्याने नाही, तो म्हणतो, "सर, सीनियरशी बोलून कळवतो."

शेवटी एक विनंती, आणि ती मी जनरल बॉडीतही दोनदा केली आहे. तो उंदीर आपल्याच बी विंगच्या पार्किंगमधला होता. तिथल्या खांबाजवळ कबुतरांना रोज सकाळी ज्वारी टाकली जाते. कबुतरं आठ वाजता जातात, उरलेली ज्वारी रात्री उंदीर खातात, आणि वर तोंड पुसायला आमच्या नळ्या. कोण टाकतं ते मला माहीत आहे, ते आत्ता दुसऱ्या रांगेत बसले आहेत आणि हसतायत. काका, माझी नळी 410 ची होती. परवा तुमच्या नव्या गाडीचा अख्खा वायरिंग हार्नेस कुरतडला, तर बिल घेऊन माझ्याकडे या, आपण बघू. पण उद्यापासून ज्वारी गच्चीवर टाका.