मनाची आवड आणि घरची भाकरी

(विहाराच्या वर्धापनदिनी तरुणांसमोर केलेले भाषण)



मागच्या आठवड्यात आमच्या वस्तीतली बारावी झालेली एक मुलगी घरी आली. म्हणाली, "काका, मला चित्रकलेला जायचंय. आई म्हणते नर्सिंग कर, लगेच पोटाला लागशील. कोणाचं ऐकू?" आम्ही त्या दिवशी उत्तर दिले नाही. आज सर्वांसमोर देतो.

तिच्या आईला दोष देऊ नका. ज्या घराने उद्याच्या भाकरीची काळजी करीत दोन पिढ्या काढल्या, त्या घरात पगाराची तारीख म्हणजे इज्जत असते. पण मुलीचंही काही चुकलेलं नाही.

बाबासाहेबांचेच पहा. विद्या ही त्यांची जिवापाड आवड. १९१७ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून यावे लागले. मात्र चार वर्षांच्या आत परत येऊन तो पुरा करण्याची परवानगी त्यांनी घेऊन ठेवली होती. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगार दरमहा ४५० रुपये. त्या काळी ही केवढी रक्कम! दुसरा कोणी असता तर तिथेच रमला असता. बाबासाहेबांनी काटकसर केली, पैसा साठवला आणि मार्च १९२० मध्ये नोकरी सोडली. छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य मिळाले, मित्र नवल भथेना यांच्याकडून उसने घेतले, आणि त्याच वर्षी ते लंडनला गेले. १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. म्हणजे नोकरी केली, पण मुदत ठरवून केली. आणि त्या काटकसरीचा भार माता रमाईंनी घरात सोसला, हेही विसरू नका.

तथागतांनी सिगाल या गृहस्थपुत्राला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले. एक भाग उपभोगासाठी, दोन कामधंद्यासाठी, चौथा अडचणीच्या काळासाठी राखून ठेवायचा. पैसा तुच्छ आहे असे ते म्हणाले नाहीत.

आता आमचं सांगतो. आम्हाला गाण्याचं वेड. जयंतीला गायन पार्टीत रात्र-रात्र गायचो. वडील गेले, तीन बहिणींची लग्नं व्हायची होती, म्हणून टपाल खात्यात लागलो. त्याचा पस्तावा नाही. त्या पगारावर बहिणी उजवल्या, पोरं शिकली. चूक वेगळीच झाली. "जरा स्थिरस्थावर होऊ, मग गाऊ" असं म्हणत राहिलो, पण तारीख काही ठरवली नाही. चौतीस वर्षांनी निवृत्त झालो. पेटी काढली, तर आवाजच लागेना. बाबासाहेबांची नोकरी सोळा महिन्यांची, आमची चौतीस वर्षांची!

म्हणून त्या मुलीला सांगतो : बाई, घरात कर्ज किंवा आजारपण असेल तर आधी कमव. त्यात कमीपणा नाही. पण किती वर्षं, ते आजच वहीत लिहून ठेव आणि दर महिन्याला थोडे पैसे वेगळे टाक. तशी अडचण नसेल तर चित्रकलेला जा. उपयोजित कलेचा विचार कर. जाहिरात, पुस्तकांची मुखपृष्ठे, छपाई यांत त्या शिक्षणाला काम मिळते. शिक्षण संपल्यावर दोन वर्षांची मुदत घे. तेवढ्यात घरखर्चाला हातभार लागला नाही, तर मिळेल ती नोकरी धर, मात्र ब्रश खाली ठेवू नकोस. आणि हे सगळं आईसमोर बसून ठरव, कारण तुझ्या आवडीची निम्मी किंमत तीच मोजणार आहे.

आणि आयांनो, पोरीला नुसतं "नाही" म्हणू नका. "किती दिवस, किती पैसे?" एवढं तरी विचारा. त्या मुलीची आई इथे समोरच बसली आहे. कार्यक्रम झाल्यावर आम्ही तिघे वही घेऊन बसणार आहोत.

एवढे बोलून आमचे दोन शब्द संपवतो. नमो बुद्धाय! जयभीम!