फाटकाबाहेरची शाळा

आंब्यापासून बांबवड्यापर्यंतच्या शाळांतून आलेल्या शिक्षक बंधू-भगिनींनो,

शाळा सुटली की आपली जबाबदारी सुटली, या समजाबद्दल आज बोलायचं आहे.

आपलं मलकापूर हे कोल्हापूर–रत्नागिरी रस्त्यावरचं गाव. या रस्त्यावर एका गळीत हंगामात, शाळा सुटताना, मी शाळेच्या फाटकाबाहेर गुडघ्यांवर बसलो. तिसरीतल्या पोराच्या उंचीवरून रस्ता कसा दिसतो ते पाहायचं होतं. दिसली फक्त चाकं. दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर आला. एका पोरानं पहिल्या ट्रॉलीतून ऊस उपसला आणि ती सरताच पलीकडच्या सोबत्याकडे झेपावला. मागची ट्रॉली त्याच्या ध्यानीमनी नव्हती. दप्तराचा पट्टा माझ्या हाती लागला, म्हणून तो वाचला. उसाचं कांडं त्यानं मुठीत तसंच आवळून धरलं होतं.

याच पोरानं आठवड्यापूर्वी सिग्नलचे तिन्ही रंग बिनचूक सांगितले होते. त्याच्या घरापासून शाळेपर्यंत एकही सिग्नल नाही! आपण शिकवलं ते त्याच्या वाटेवर कुठंच नव्हतं. दोष माझा होता, त्याचा नव्हे.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की 5 ते 29 वर्षांच्या वयात मृत्यूचं पहिलं कारण रस्ते अपघात आहे. लहान मुलाला येणाऱ्या गाडीच्या वेगाचा अंदाज नीट येत नाही. त्याला ‘जपून जा’ म्हणून भागत नाही, जपण्यासारखी वाट आपणच करून द्यावी लागते.

पोरांनाच घर ते शाळा नकाशा काढायला लावा. भीती वाटते तिथं लाल खूण करू द्या. आपल्या ध्यानात न आलेल्या जागा ती दाखवतील: एसटीतून उतरून गाडीच्या पुढूनच रस्ता ओलांडायची सवय, आषाढात वाऱ्याला तोंड देत पुढं झुकवलेली छत्री, जिच्याआड समोरचं काहीच दिसत नाही. हे नकाशे घेऊन शाळा व्यवस्थापन समितीत बसा, सरपंचांना बोलवा, एसटीच्या चालकालाही बोलवा. मुलं गाडीनं येत असतील तर 2011 च्या शालेय बस नियमांप्रमाणे परिवहन समिती असलीच पाहिजे, आणि तिचे अध्यक्ष आपण मुख्याध्यापकच आहोत. ती कागदावर ठेवू नका.

पालकांशीही स्पष्ट बोलावं लागेल. बापाच्या डोक्यावर हेल्मेट आणि टाकीवर बसलेलं पोर बोडक्या डोक्यानं, हे रोज दिसतं. चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट लागतं. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर 2019 च्या दुरुस्तीनं पालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. नववीतल्या पोराला डेअरीत दूध घालायला मोटरसायकलवर धाडणाऱ्या घरी आपण स्वतः जायला हवं. नोटिशीनं हे होत नाही, ओट्यावर बसून चहा घेताना होतं.

1917 साली राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. मुलाला शाळेत येण्याची सक्ती आपण केली, तेव्हाच त्याची वाटही आपल्या अंगावर आली, असं मी मानतो.

पुढच्या बैठकीला प्रत्येक शाळेनं एक नकाशा आणावा. तो पोरांच्या हातचाच असू द्या, वेडावाकडा असला तरी चालेल. आधी लाल खुणा मोजू, मग बांधकाम खात्याकडं आणि पोलीस ठाण्यात सगळे मिळून जाऊ.